रुमालाखालचा भाव

लोक मला खुनांच्या आणि दरोड्यांच्या आठवणी विचारतात. मीही सांगतो, कारण त्यात मी बराच शूर दिसतो. पण माझ्या मनातून अजून न हललेली जी गोष्ट आहे, तिच्यात ना रक्त सांडलं, ना कोणाच्या घराची कडी तुटली. एक नवी मोटार विकली गेली आणि तिची घेतलेली किंमत वाजवी होती की नव्हती, एवढाच प्रश्न होता. तो सोडवताना मी एका सरळ माणसाला दोन दिवस कोठडीत बसवलं. यातल्या कोणाचंही नाव मी इथे घेणार नाही. काहींची नातवंडं अजून जिल्ह्यात आहेत, आणि एकाचं नाव घ्यायला मला तोंड नाही.

मी तेव्हा नगर शहरात फौजदार होतो. महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कापड, साखर, रॉकेल सगळं रेशनवर आणि पेट्रोल कुपनांवर मिळायचं. नवी मोटार परवान्याशिवाय मिळत नसे, आणि तिची किंमत कंपनीच्या छापील यादीत ठरलेली असे. यादीवर वरकड पैसे घेतले की तो काळाबाजार झाला. काळाबाजारवाल्यांना पकडा, असा वरून दर आठवड्याला नवा हुकूम यायचा. आम्ही बहुधा रॉकेलचे डबे आणि तांदळाची पोती पकडायचो. मोटारीचा काळाबाजार माझ्या वाट्याला आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर यावा असं मला फार वाटत होतं.

शहरात एका गृहस्थांचं सायकलींचं दुकान होतं. लोक त्यांना शेठ म्हणत, पण शेठपणाचं त्यांच्यात काही नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायला सुरुवात केली. मग दुकान घेतलं, मग पाण्याचे पंप आणि तेलाची इंजिनं विकू लागले. लढाई संपल्यावर मुंबईच्या एका विलायती मोटारींच्या कंपनीने त्यांना जिल्ह्याची एजन्सी दिली. त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागाला मोठी काच बसवून घेतली आणि काचेमागे पहिली मोटार आणून उभी केली. ती शर्यतीच्या मोटारीसारखी होती. दोनच माणसं बसतील एवढी, वरून उघडी, बुटकी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. रंग सायीसारखा होता.

मी रोज सकाळी सरकारी सायकलवरून त्या काचेसमोरून जायचो. सायकलची साखळी पँटला वंगण लावायची म्हणून माझ्या उजव्या पायाला कायम एक चिमटा अडकवलेला असे. काचेत मला मोटार दिसायची आणि तिच्यावर पडलेलं माझं प्रतिबिंब, चिमट्यासकट. पहिले दोन दिवस मी नुसता बघून गेलो. तिसऱ्या दिवशी उतरलो, आत गेलो आणि सहज विचारतोय असं दाखवून किंमत विचारली. शेठनी यादी काढून दाखवली. गाडी, जहाजाचं भाडं, जकात, वरचं कापडी छत आणि जादा चाक धरून आठ हजार दोनशे. माझा पाच-सहा वर्षांचा पगार झाला. मी मान डोलवली आणि गाडीच्या चाकाची एक तार उगाच बोटाने वाजवून बाहेर पडलो.

ती मोटार मला परवडणार नाही हे मला कळत होतं. त्याचं मला दुःख नव्हतं. दुःख होतं ते ती कोणीतरी दुसरा नेणार याचं. आमच्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी. नीटनेटकं अक्षर आणि धुतलेला सदरा यापलीकडे आम्हाला काही मिळालं नाही. त्यामुळे दुसऱ्याकडचं चांगलं काही पाहिलं की त्याने ते कसं मिळवलं असेल याचा संशय आम्हाला आधी येतो. पोलीस खात्यात या स्वभावाचा फायदा होतो, आणि तोटा किती होतो ते पुढे सांगतो.

पंधरा-वीस दिवसांनी काचेमागची जागा रिकामी झाली. मोटार श्रीगोंदा तालुक्यातल्या एका बागायतदाराने नेली, असं कळलं. विहिरींच्या पाण्यावर ऊस, युद्धात गुळाला सोन्याचा भाव, त्यातून या लोकांच्या हातात पैसा खुळखुळत होता. मी त्याला एकदा नगरच्या वेशीपाशी ती मोटार चालवताना पाहिलं. डोक्यावर केशरी पटका, अंगात कोपरी, शेजारच्या सीटवर पेंडीचं पोतं. त्या मोटारीत पेंड! माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखलं ते मला अजून आठवतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली की पोतं त्याचं, मोटार त्याची, तुम्ही जेवा.

त्यानंतर आठ दिवसांत ठाण्यात एक माणूस आला. परीटघडीचं धोतर, हातात काठी, बोलायला मोठा अदबशीर. तो या बागायतदाराचाच चुलतभाऊ होता. त्याने सांगितलं की आपण सरकारच्या भल्यासाठी आलो आहोत. नगरच्या शेठने त्याच्या भावाकडून त्या दोन सीटच्या मोटारीचे अकरा हजार रुपये घेतले आहेत. सगळ्या गावाला माहीत आहे. भाऊ स्वतःच्या तोंडाने सांगतो. भाऊ भोळा आहे, त्याला लुटलं, आता सरकारने बघावं.

भावाची काळजी करायला भाऊ चाळीस मैलांवरून का आला, हे मी विचारायला हवं होतं. माझ्या जमादाराने विचारलं. हा जमादार श्रीगोंद्याजवळच्या काष्टीतल्या शेतकरी घरातला, खात्यात माझ्या दुप्पट वर्षं काढलेला. त्याने बोलता बोलता काढून घेतलं की या चुलतभावाकडे एक मोठी चार दारांची मोटार आहे. परत जाणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराकडून त्याने ती जुनी घेतली होती, नऊ हजारांना. दोन सीटची गाडी येईपर्यंत गावात मोटार म्हणजे त्याचीच मोटार होती. हे सगळं ऐकूनही मी तक्रार लिहून घेतली. चुलतभाऊ मत्सराने आला होता हे मला कळलं होतं, पण मत्सराने आणलेली बातमीही खरी असू शकते, असं मी जमादाराला ऐटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावात गेलो. मी नियमाप्रमाणे पंच बोलावले, चावडीत सतरंजी टाकली, बागायतदाराला बोलावलं. मोटार चावडीसमोरच उभी होती आणि तिच्याभोवती गाव जमलं होतं. चुलतभाऊ पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. मी बागायतदाराला आधीच सांगितलं की तुमच्यावर काही येणार नाही, तुम्ही साक्षीदार आहात, जे खरं ते सांगा. मग मोठ्याने विचारलं की या मोटारीचे तुम्ही किती रुपये दिले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चुलतभावाकडे, आणि मिशीवरून हात फिरवला.

"अकरा हजार. रोख मोजल्यात."

मागे कोणीतरी 'लई झालं' म्हणालं आणि बागायतदाराची छाती दोन बोटं पुढे आली. मी जबाब वाचून दाखवला, त्याने सही केली, पंचांनी अंगठे उठवले. जमादार त्या वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याला दौत बंद करायला सांगितली.

तिथून सरळ शेठच्या दुकानात. त्यांनी पावती दाखवली, आठ हजार दोनशेची. मुंबईच्या कंपनीचं बिल दाखवलं, रेल्वेची पावती दाखवली, स्वतःला मिळालेलं कमिशन दाखवलं. कमिशन बघून मला आश्चर्य वाटलं. एवढा मोठा जिन्नस विकून माणसाला इतकंच सुटत असेल यावर माझा विश्वास बसेना. कागद इतके स्वच्छ आहेत म्हणजे मुद्दाम तसे ठेवलेले आहेत, असा मी अर्थ लावला. वर मी भिंगार कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपच्या एका मेस्त्रीला त्या गाडीची किंमत विचारली. तो म्हणाला की आठ-सव्वाआठ हजार रास्त आहे, मुंबईतही तेवढीच पडते. तेही मी माझ्या बाजूने फिरवलं. रास्त किंमत आठ हजार आहे, म्हणजे वरचे जवळजवळ तीन हजार खिशात गेले.

मी शेठना ठाण्यात आणून विचारपूस केली. दोन तास एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने. ते चिडले नाहीत, घाबरलेही नाहीत, फक्त दर वेळी तोच आकडा सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतः दुकानात येऊन किंमत विचारली होती. तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

जमादाराने माझ्याकडे बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं. मी म्हणालो की पोलिसाला सांगायचा भाव वेगळा असतो. शेठ म्हणाले की तेव्हा तुम्ही पोलीस म्हणून आला नव्हता. त्यांचं बरोबर होतं. त्या प्रकरणात शेठच्या बाजूचा एक साक्षीदार मी स्वतःच होतो, आणि ते मी केस डायरीत लिहिलं नाही. नोकरीत मी केलेली ही सगळ्यांत वाईट गोष्ट. लाच मी कधी घेतली नाही, त्यामुळे मी स्वच्छ आहे असं मला वाटायचं.

मी त्यांना अटक केली आणि दुकानाला सील ठोकलं. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग होता. त्याहून जवळची भीती वेगळी होती. एजंटावर काळाबाजाराचा खटला भरला की मुंबईची कंपनी एजन्सी काढून घेते, असं करारात स्पष्ट होतं. त्यांनी तो करार मला दाखवला होता. म्हणजे बावीस वर्षं पंक्चर काढून जे उभं केलं ते माझ्या एका अहवालावर अवलंबून होतं. कोठडीत त्यांनी एकच मागणी केली. दुकानाच्या काचेला आतून पडदा आहे, तो ओढून घ्यायला कोणाला तरी सांगा, उन्हाने नवे टायर तडकतात. सील लागलेलं आहे, आता आत कोणाला जाता येणार नाही, असं मी सांगितलं.

आता मला पुरावा पक्का करायचा होता. अकरा हजारांचा आकडा बागायतदाराने आणखी कोणाकोणाला सांगितला याचे जबाब हवे होते. काष्टीचा आठवडी बाजार दुसऱ्या दिवशी होता आणि त्या भागातला प्रत्येक माणूस तिथे येणार होता, म्हणून मी जमादाराला घेऊन तिथे गेलो. बागायतदारही आलेला होता. त्याची मोटार बाजाराच्या तोंडाशी बैलगाड्यांच्या ओळीत उभी होती आणि बैल तिच्या आरशात स्वतःला बघत होते.

जबाब तर ढीगभर मिळाले. ज्याला विचारावं तो अकरा हजार म्हणे. एक म्हातारा तर बारा म्हणाला. मी खूश होतो. दुपारी आम्ही बैलबाजाराच्या कडेला बाभळीखाली भाकरी खायला बसलो. समोर एका खिलारी जोडीचा सौदा चालला होता. घेणारा आणि दलाल एकमेकांचे हात धरून उभे होते, हातांवर रुमाल टाकलेला, आणि रुमालाखाली बोटं हलत होती. दोघांचे चेहरे दगडासारखे. भोवती वीस माणसं उभी, पण काय भाव चाललाय ते कोणालाही कळत नव्हतं. मी असं पूर्वी पाहिलं होतं, पण शहरातल्या माणसाने बाजार बघावा तसं, गंमत म्हणून.

सौदा झाला. घेणारा बैल घेऊन आमच्या समोरून गेला. मी त्याला सहज विचारलं की केवढ्याला पडली जोडी.

"आठशेला," तो म्हणाला आणि मोठ्या ताठ्यात पुढे गेला.

जमादार भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला की पाचशे धरा. मी म्हटलं, तुला काय माहीत? तो म्हणाला की बैल बघूनच कळतंय. मग हा पोलिसाला खोटं का बोलला, असं मी विचारलं, तेव्हा जमादाराने भाकरी खाली ठेवली. ते वाक्य त्याने चावडीपासून तोंडात धरून ठेवलं होतं.

"सायेब, त्यो खोटं न्हाई बोलला. रुमालातला भाव येगळा आन् तोंडातला येगळा. रुमालातला घेनाऱ्या-देनाऱ्याचा. तोंडातला गावाला सांगायचा. आमच्याकडं कुनी बैल घिऊन आला की दीडपट सांगतोय, आन् ऐकनाराबी मनात कमी करूनच ऐकतोय. तुमी मोटारीचा भाव चावडीत इचारला, समद्या गावासमोर, चुलतभाव म्होरं बसलेला. आता चुलतभाव नऊ सांगतोय, तर ह्यो आठ कसा सांगंल?"

मी विचारलं की चुलतभावाचे नऊ किती समजायचे. सहा, असं म्हणून तो पुन्हा जेवू लागला.

मला राग आला. आधी का बोलला नाहीस म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला की चावडीत बोलणारच होतो, तुम्ही दौत बंद करायला सांगितलीत. पण माझा राग खरा त्याच्यावर नव्हता. हे सगळं खरं असेल तर शेठ निर्दोष आहेत, हे मला त्या क्षणी पटलं होतं, आणि पटूनही मला ते आवडलं नव्हतं. अकरा हजार हा आकडा मी मनात इतका जपला होता की तो सोडवेना. त्या आकड्याने बागायतदार मूर्ख ठरत होता, शेठ चोर ठरत होते, आणि सायकलवरचा मी एकटाच शहाणा उरत होतो.

तरीही केस डायरी माझ्या नावावर होती. मी बागायतदाराला बाभळीखाली बोलावून घेतलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी स्पष्ट सांगितलं की तुमच्या जबाबावर एक माणूस कोठडीत आहे, त्याचं दुकान बंद आहे, खरं काय ते सांगा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "अकरा हजार." मी त्याला खोटा जबाब दिल्याबद्दलचं कलम सांगितलं. तो घाबरला, पण तोंडातून अकराच निघाला. माणूस चोरी कबूल करतो, मारामारी कबूल करतो, पण आपण कमी पैसे दिले हे कबूल करत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तो अडला होता, आणि त्याला सोडवणारं कलम आमच्या पुस्तकात नव्हतं.

जमादाराने गळ्यातला पंचा काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाला, हात द्या सायेब. एकेक बोट म्हणजे एकेक हजार, पाची धरली की पाच, थांबून पुन्हा धरली ती शेकड्याची, एवढं त्याने मला सांगितलं. मग माझा हात त्याने बागायतदाराच्या हातात दिला आणि वरून पंचा टाकला.

मला वाटलं होतं तो हात मऊ असेल. मोटारवाल्याचा हात! तो एखाद्या जुन्या जोखडासारखा टणक होता, तळव्याला उसाच्या पात्यांनी कापल्याच्या रेघा होत्या. तो बराच वेळ नुसता माझा हात धरून उभा राहिला. मग त्याने माझी पाचही बोटं धरून दाबली. सोडली. मग तीन दाबली. थांबला. मग दोन.

पाच आणि तीन आठ, वर दोन शेकडा.

त्याने हात काढून घेतला, पंचा जमादाराला परत दिला आणि पटका सारखा केला. म्हणाला, "हातातलं खरं हाय सायेब. रुमालात खोटं बोलनारा आमच्याकडं कुनी न्हाई. पन चावडीत वाचू नका. त्यो माझ्या घरावरनं रोज त्याच्या मोटारीत जातुया."

मी त्याला विचारलं की शेठचं काय होणार याचा तुम्ही विचार नाही का केलात. तो म्हणाला की शेठ लई चांगला माणूस, त्याला काही होणार नाही असंच वाटलं, सरकारला खरा भाव कळत असणारच. हे त्याने मनापासून म्हटलं. सरकार मनात कमी करून ऐकेल असा त्याचा हिशेब होता. गावातला कोणीही तसंच ऐकतो. तसं न ऐकणारा मी एकटा भेटलो.

त्याच संध्याकाळी श्रीगोंद्याच्या मामलेदार कचेरीत बंद दाराआड त्याचा नवा जबाब झाला. मी अहवालात लिहिलं की जादा रक्कम घेतल्याचा पुरावा नाही, दुकानदाराने घेतलेली किंमत यादीप्रमाणे आणि वाजवी आहे. पहिला जबाब पंचांसमोर आणि नातेवाइकांसमोर घेण्यात चूक झाली, हेही लिहिलं. दुकानदाराने हाच भाव पूर्वी मला स्वतःला सांगितला होता, हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पोलीस सुपरिंटेंडेंटसाहेबांनी ते वाचून मला तीन महिने बढतीच्या यादीतून मागे ठेवलं. मला ते कमी वाटलं.

शेठ सुटले, पण दरम्यान एक गोष्ट होऊन गेली होती. चुलतभावाने आमच्याकडे तक्रार करतानाच मुंबईच्या कंपनीलाही पत्र घातलं होतं, आणि अटकेची तार कोणीतरी केली होती. कंपनीने एजन्सी काढून घेतल्याचं पत्र शेठना कोठडीतून सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी मिळालं. मी त्या कंपनीला लिहिलं, सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या सहीने लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. नगरची एजन्सी दुसऱ्या पार्टीला दिलेली आहे, खेद आहे.

सील काढायला मी शिपाई पाठवू शकलो असतो. मी स्वतः गेलो. लाखेची मोहोर फोडली, कुलूप उघडलं. शेठनी आधी आत जाऊन टायर बघितले. दोन टायरांना बारीक चिरा गेल्या होत्या, ते त्यांनी बाजूला ठेवले. काच पुसली. मग मी पुढे केलेल्या कागदावर, सामान जसंच्या तसं मिळालं, असं लिहून सही केली. ते टायर त्यांनी लिहिले नाहीत.

चावडीत जाऊन खरा भाव जाहीर करायची माझी तयारी होती, ते मी त्यांना सांगितलं. खरं तर मला ते करायचंच होतं. बागायतदाराची मान गावासमोर खाली गेलेली मला बघायची होती, आणि आता त्या इच्छेला न्यायाचं कारणही मिळालं होतं. शेठ नको म्हणाले. गिऱ्हाईक आहे माझं, त्याला गावात राहायचंय, मला नाही.

मग त्यांनी मला स्टूल दिलं, स्वतः समोर उभे राहिले आणि विचारलं,

"साहेब, एक विचारू? अकरा हजार म्हणाला तो, तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं ना?"

मी शेकडो माणसांना प्रश्न विचारले आहेत. खोटं बोलणारा आधी कुठे बघतो, हात कुठे ठेवतो, हे मला पाठ आहे. मी खाली पाहिलं, मग काचेतून रस्त्याकडे पाहिलं, टोपी मांडीवर ठेवली.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यात. त्यांना फक्त ते जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून ते कळण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी पंक्चरचा डबा काढला, दाराशी बसले आणि कोणाची तरी सायकल उलटी करून कामाला लागले.

पुढे मी तीस वर्षं नोकरी केली. तरुण अधिकाऱ्यांना शिकवताना मी पुराव्याबद्दल, पंचनाम्याबद्दल, जबाब एकांतात घेण्याबद्दल पुष्कळ बोलत असे. पण खरी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहितो. एखाद्याविरुद्धची तक्रार ऐकून मला मनातून आनंद झाला, तर ती मी स्वतः तपासली नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. तसं मला नोकरीत अकरा वेळा करावं लागलं, आणि त्या अकरांपैकी सात माणसं निर्दोष निघाली.